‘साभार : गूगल’ लिहिले की फोटो आपला होतो काय?

रानवाटा :
काल ‘अंकवाले’ यांनी लिहिले, “आंतरजालावर जो फोटो सर्वांना दिसतो तो सर्वांचाच असतो, खाली ‘साभार : गूगल’ छापले की संपादकाची जबाबदारी संपते.” दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा धागा. गूगल कासच्या पठारावर सप्टेंबरच्या पावसात पालथे पडून ‘सीतेची आसवे’ या रानफुलांचे फोटो काढत नाही, ते आम्ही काढतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता असतो आणि हक्क मिळण्यासाठी नोंदणी लागत नाही. एका अंकाने माझा फोटो छापताना उजव्या कोपऱ्यातले माझे नाव तेवढे कापले, इतक्या सफाईने की शेवटच्या फुलाची अर्धी पाकळीही त्याबरोबर गेली. मालकाची ओळख सांगणारा मजकूर जाणूनबुजून काढून टाकणे 2012 च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे, हे त्या संपादकांच्या गावीही नसावे.

अंकवाले :
आपला संताप समजतो. परंतु चार जाहिरातींवर अंक काढणाऱ्याने कागदाचे बिल भागवावे की प्रत्येक फुलाच्या मालकाचा पत्ता शोधत हिंडावे? आमच्याकडे कवींनाही मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळते आणि त्यांची कधी तक्रार नसते. शिवाय कायद्यात उचित वापराची सवलत आहेच.

कज्जेदलाल :
कवींची तक्रार नसते, की ती तुमच्यापर्यंत पोहोचत नाही? असो. कलम 52 ची सवलत खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्तांकन अशा कामांसाठी आहे. कवितेशेजारची रिकामी जागा भरणे त्यात बसत नाही. मात्र रानवाटा यांनीही अर्धेच सांगितले. कर्ता आणि मालक प्रत्येक वेळी एकच नसतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. आणि कोणी मोबदला देऊन काढवून घेतला असेल तर, विरुद्ध करार नसल्यास, पहिला मालक पैसे देणारा, असे कलम 17 सांगते.

नवरीचा बाप :
हेच मला कोणीतरी छातीठोकपणे सांगायला हवे होते! मुलीच्या लग्नाचे पूर्ण पैसे चुकते केले, तरी छायाचित्रकाराने तिच्या हळदीचे फोटो आम्हाला न विचारता स्वतःच्या इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी लावले. अल्बम हाती येण्याआधी शेजारणीने ते पाहिले होते. काढायला सांगितले, तर म्हणाला, “ती माझी कला आहे.” रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या जशाच्या तशा मूळ फायली, मागितल्या, तर वर आणखी पैसे मागितले.

फ्लॅशवाला :
याची दुसरी बाजूही ऐका. रॉ फायली मागणे म्हणजे पंगत उठल्यावर आचाऱ्याकडे कच्चा शिधा मागणे. वरमाला पडत असताना दहा मामा मोबाइल उंचावून आमच्यापुढे उभे राहतात, शेवटचा हप्ता अल्बम नेल्यानंतरही महिनोन्महिने येत नाही, आणि हक्काची आठवण मात्र सर्वांना तत्काळ होते! कलम 17 मधले ‘विरुद्ध करार नसल्यास’ हे शब्द आम्हीही वाचले आहेत, म्हणूनच आमच्या अंदाजपत्रकामागे जाहिरातीच्या हक्काची अट छापलेली असते.

नवरीचा बाप :
ती अट मुंगीच्या अक्षरात मागे आणि माझी सही पुढे! मांडवाची, जेवणाची, बँडची बयाणे देण्याच्या धांदलीत कोणता बाप कागद उलटून पाहतो? आणि कला तुमची असेल, चेहरा माझ्या मुलीचा आहे.

कज्जेदलाल :
चेहऱ्याचा प्रश्न खासगीपणाचा आहे, तो या कायद्याने सुटत नाही. मागच्या बाजूची अट ग्राहकाला बांधील ठरते का, हे तो कागद पाहिल्याशिवाय कोणताही शहाणा वकील सांगणार नाही. तशी अट नसेल, तर इन्स्टाग्रामवर लावण्यापूर्वी विचारणे भाग आहे, हे फ्लॅशवाल्यांनी मान्य करावे. उलट, मालकी तुमच्याकडे असली तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा त्यांचा अधिकार कलम 57 नुसार त्यांच्याकडेच राहतो.

फ्लॅशवाला :
मान्य करतो. यापुढे ती अट पुढच्या पानावर ठळक अक्षरात छापीन. आणि त्याच्यावर, त्याहून ठळक, शेवटच्या हप्त्याची तारीख.

रानवाटा :
धागा फुलांवरून वऱ्हाडात गेला, याचा सर्वाधिक आनंद अंकवाल्यांना झालेला दिसतो. कर्त्याच्या हयातीनंतरही साठ वर्षे हा हक्क टिकतो, तेव्हा वाट पाहून काम होणार नाही. पैसे नसतील तर विकिमीडिया कॉमन्स या संकेतस्थळावर मोकळ्या परवान्याचे हवे तितके फोटो आहेत. फक्त छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना छापण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

अंकवाले :
बरे, गूगलचे आभार मागे घेतो; त्यांना वाईट वाटणार नाही अशी आशा आहे. आपल्या फुलाचा फोटो पुढच्या अंकात नाव आणि मानधन देऊन छापू, मात्र रक्कम ऐकून हसू नये.

रानवाटा :
हसणार नाही, पण आधी लेखी कळवा आणि त्यात ‘या एका अंकापुरते’ असे स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही, तर कलम 19 नुसार ती पाच वर्षे धरली जाते, आणि पाच वर्षे माझे फूल तुमच्या भेट-कॅलेंडरवर झळकावे अशी माझी मुळीच इच्छा नाही.