मदत हवी आहे: पर्सेलचं लॅटिन गाणं, कीबोर्डला नुसते आकडे दिलेत, उजव्या हाताने वाजवायचं काय?

नमस्कार मंडळी, मी लेस्टरला असतो, इथल्या एका हौशी कॉयरमधे (गायनवृंदात) बास, म्हणजे सगळ्यात खालचा पुरुषी आवाज, गातो. शाळेपासून पेटी वाजवतो हे एकदा चहा पिताना बोलून गेलो आणि तेच अंगाशी आलंय. २२ नोव्हेंबरला सेंट सिसिलियाचा दिवस असतो (संगीतवाल्यांची संत), त्यासाठी हेन्री पर्सेल या सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराचं 'लाउदाते सेसिलियाम' बसवतोय. १६८३ सालचं, तीन पुरुष आवाज, दोन व्हायोलिनं आणि कंटिन्यूओ, म्हणजे चेलो आणि ऑर्गन. ऑर्गनवाल्या बाईंचा हात प्लास्टरमधे, म्हणून मला बसवलंय.

कागदावर फक्त खालच्या बासची ओळ आहे आणि त्याखाली कुठे ६, कुठे ४ ३, बरेचदा काहीच नाही. पेटीवर गायकाच्या मागे मागे जायची सवय, इथे तर मीच आधी सूर धरायचा! त्यात रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला बसलो तर सगळं अर्धा सूर खाली, तासभर कीबोर्डलाच शिव्या घातल्या.

दुसरं, उच्चार. आमच्यातले निम्मे 'चेचिलियाम' म्हणतात, निम्मे 'सिसिलियाम'. बरोबर काय?

प्रतिसाद १:
कीबोर्ड ठीक आहे हो, जुन्या पद्धतीने वाजवणारी मंडळी 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४१५ ला लावतात म्हणून रेकॉर्डिंग उतरलेलं वाटतं. सरावापुरतं कीबोर्डवरचं ट्रान्सपोज उणे एक करा, म्हणजे सगळं अर्धा सूर खाली येईल.
आकडे म्हणजे बासच्या स्वरापासून वर मोजलेलं अंतर, बास स्वतः एक. पांढरी एकचा सा धरा. बास सा आणि खाली काही नाही, तर तिसरा पाचवा गृहीत, सा ग प. बास ग आणि खाली ६, तर ग प आणि वरचा सा. बास प खाली ४ ३ असेल तर वर आधी तार सा रे, मग रे तसाच ठेवून सा चा नी करायचा. घाई करू नका, तो सा टोचायलाच हवा. आणि व्हायोलिनच्या वर चढू नका, एकटा आवाज गात असेल तेव्हा दोनच स्वर पुरे.

प्रतिसाद २:
दोन्ही बरोबर. 'चेचिलियाम' इटालियन चर्चचं, 'सिसिलियाम' पर्सेलच्या काळच्या इंग्लंडमधलं, तेव्हा इंग्रज लॅटिन इंग्रजीसारखंच वाचायचे. जुने रोमन असते तर 'क' लावला असता. कुठलंही घ्या पण सगळ्यांनी एकच घ्या! अवांतर: पर्सेल गेला १६९५ मधे २१ नोव्हेंबरला, या सणाच्या आदल्या दिवशीच, वय जेमतेम ३६.

धागाकर्ता:
दोघांचे आभार, सरगममधे सांगितलंत म्हणून डोक्यात शिरलं. काल ४ ३ वाजवलं, तो सा धरून ठेवला तर चेलोवाल्याने मान वर करून बघितलं, मला वाटलं चुकलो, तर म्हणाला अजून जरा थांब. उच्चारावर मंगळवारी मतदान आहे, मी 'सिसिलियाम'ला.