औषधनिर्माणातील पीएच.डी. फ्लास्कपाशीच थांबावी का?

प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर
वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे औषधांचे कारखाने उभे असताना आपले बहुतेक प्रबंध शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कपाशी संपतात, याची मला मनापासून खंत वाटते. माझ्या विद्यार्थिनीला बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये काही मिनिटांत सुबक स्फटिक मिळत. तीच कृती शंभर लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये केली, तेव्हा जॅकेटलगतच्या (थंड पाणी खेळवणाऱ्या बाहेरच्या आवरणालगतच्या) थंड भिंतीवर जाड थर बसला आणि आतला माल इतका बारीक पडला की फिल्टर तुंबला. घनफळ हजारपट झाले, तरी उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणून किमान एक किलोची बॅच आणि प्रक्रिया अभियंता सहमार्गदर्शक, या दोन्ही गोष्टी सक्तीच्या कराव्यात.

प्राध्यापक, नांदेड
मॅडम, तळमळ पटते, सक्ती पटत नाही. नव्याने तयार केलेला रेणू एक किलो कोठून आणायचा? शिवाय 1998 मध्ये रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरील औषधाच्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या, त्या पूर्वी न दिसलेले, कमी विरघळणारे स्फटिकरूप (त्याच रेणूंची स्फटिकातली वेगळी रचना) उत्पादनात अवतरल्यामुळे. मोठ्या बॅचेस तर तेथे निघतच होत्या. उणीव होती ती स्फटिकरूपांच्या ज्ञानाची, आणि ते ज्ञान काही ग्रॅमवर चिकाटीने काम करूनही मिळवता येते.

प्रक्रिया अभियंता, वाळूज
सर, किलोचा आग्रह मीही धरणार नाही. परंतु गोळ्यांसाठी भुकटी ओलवून तिचे दाणे कसे केले, याबद्दल प्रबंधात ‘मिश्रण ओलसर होईपर्यंत ढवळावे’ एवढेच लिहिलेले असते. पाणी किती मिनिटांत घातले, इम्पेलर (ढवळणारे पाते) मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरत होता, दाणे सुकवल्यावर ओलावा किती उरला, यांपैकी काहीच नसते. असे दाणे कोरडे पडले की दाबयंत्रातून निघालेल्या गोळीची टोपी, म्हणजे वरचा थर, सुटते, आणि मग रात्रपाळीत आम्ही पहिल्यापासून अंदाज बांधत बसतो.

प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर
किलोची अट मी मागे घेते. सहमार्गदर्शकाची मात्र घेणार नाही, कारण या नोंदी मागणारे कोणी शेजारी नसले तर विद्यार्थी त्या ठेवत नाहीत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर 2018 पासून जालन्यात आहे; तेथून सुरुवात करता येईल.

प्राध्यापक, नांदेड
संभाजीनगरहून जालना तासाभराचा रस्ता आहे, मॅडम. आमच्या विद्यार्थ्याचा जाण्यायेण्यातच दिवस मोडतो. सक्ती करण्याआधी त्याच्या प्रवासाची आणि मुक्कामाची तरतूद विद्यापीठाने करावी, मग पहिली सही माझी असेल.