वेबसाइटचे पैसे घेतले, काम दिलंच नाही – रिफंड कसा मिळवायचा?

फैजपूरची_ताई

राम राम मंडळी, अडचणीत आहे म्हणून लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. मी घरीच केळीचे वेफर्स अन् उडदाचे पापड करते, गल्लीतल्या चार बाया सोबत असतात. आजवर माल सावदा, भुसावळ, जळगावच्या दुकानांत अन् ओळखीपाळखीत जायचा, पण पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं फोन करून मागतात म्हणून म्हटलं एक वेबसाइट करून घेऊ, पाकिटाचं लेबलही नवीन करू. एका ऑनलाइन फ्रीलान्स साइटवर एक जण सापडला, रेटिंग चांगलं होतं, सगळं मिळून २४,००० ला ठरलं. पहिले ८,००० मी साइटवरूनच डेबिट कार्डानं भरले. आठ दिवसांनी तो म्हणे ताई, साइट माझ्या पैशातून कमिशन कापते, पुढचे मला डायरेक्ट यूपीआय करा, तुमचं लेबल फुकटात करून देतो. मी ५,००० अन् परत ५,००० असे दोनदा पाठवले. तिथंच चुकलं.

काम कानबाईच्या सणाच्या आत देतो बोलला होता. कानबाईचे रोट झाले, पोळा झाला, गणपती बसले, काम नाही. फोन केला की कधी आजी आजारी, कधी लॅपटॉप बिघडला, मग फोन उचलणंच बंद. काल मी जरा कडक मेसेज टाकला तर रात्री साडेअकराला साइटवर आलं 'ऑर्डर डिलिव्हर झाली'. झिप फाइल होती. भाच्यानं उघडली तर आत एकच चित्र, केळीच्या घडाचं, अन् त्याच्यावर आडवंतिडवं फोटो विकणाऱ्या कुठल्या तरी कंपनीचं पुसट नाव. वेबसाइट नाही, लेबल नाही, काहीच नाही.

१८,००० म्हणजे आमचे तेलाचे सात-आठ डबे. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. पैसे परत मिळतील का, अन् सुरुवात कुठून करू? मले तर काही सुचतच नाही.

रावेरकर

ताई बाकी सगळं नंतर, आधी आत्ताच्या आत्ता त्या ऑर्डरवर जाऊन 'रिव्हिजन' किंवा 'काम मान्य नाही' असं जे बटण असेल ते दाबा. ती झिप फाइल त्यानं उगाच नाही टाकली. एकदा 'डिलिव्हर' झालं की साइटचं घड्याळ सुरू होतं, तुम्ही गप्प बसलात तर ऑर्डर आपोआप पूर्ण धरली जाते अन् पैसे त्याच्याकडे सुटतात. फाइव्हरवर ही मुदत ३ दिवसांची आहे, अपवर्कवर ठरलेल्या रकमेच्या कामाला १४ दिवस. तुमची साइट कोणती ते मी विचारत नाही, तिच्या मदत पानावर बघून घ्या पण आज रात्रीच्या आत दाबा.

बटण दाबताना कारण लिहायची जागा येते, तिथं रागाचं काही लिहू नका. एवढंच लिहा की ठरलेलं काम वेबसाइट अन् लेबल, मिळालं एक चित्र, तेही दुसऱ्याच्या मालकीचं, मला काम मान्य नाही, ऑर्डर रद्द करून पूर्ण रक्कम परत हवी. चित्राचा स्क्रीनशॉट जोडा, झिप उघडल्यावर आत एकच फाइल दिसते तोही जोडा.

भुसावळ_जंक्शन

एवढा विचार कशाला करायचा, सरळ १९३० ला फोन लावा, सायबरची तक्रार टाका, पोलिसांचा फोन गेला की घाबरून पैसे टाकेल. असल्या लोकांना तीच भाषा समजते.

धुळ्याचा_डिझायनर

भाऊ तुमचा राग समजतो पण १९३० फसवणुकीसाठी आहे, म्हणजे कोणी ओटीपी काढून घेतला, खोटं नाव-खोटा फोटो लावून पैसे उकळले, असं. तिथं पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात म्हणून तो नंबर. इथं माणसानं काम घेतलं अन् केलं नाही, त्याचा पहिल्यापासूनच बुडवायचा इरादा होता हे दाखवता आलं तरच ते फसवणुकीत बसतं, नाहीतर हा देण्याघेण्याचा वाद आहे म्हणून परत पाठवतात. ताई, तुम्ही एक तपासा, त्याचं प्रोफाइलवरचं नाव अन् यूपीआय करताना दिसलेलं खातेदाराचं नाव एकच आहे का. वेगळं निघालं तर मग मात्र सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नक्की टाका.

मी स्वतः हेच काम करतो, धुळ्यात बसून सात वर्षं झाली, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. बऱ्याचदा गिऱ्हाईक फोटो देत नाही, मजकूर देत नाही, अन् काम अडकतं. समोरचा हेच म्हणणार की ताईंनी माहितीच दिली नाही. म्हणून तुम्ही त्याला फोटो कधी पाठवले, वजन-भाव कधी पाठवले, ते व्हॉट्सअ‍ॅपवर वर जाऊन शोधा अन् तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. आख्खी चॅट 'एक्सपोर्ट' करून स्वतःला ईमेल करा. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, पुढे लागलं तर मूळ फोन लागतो.

अन् डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कोणाच्या नावावर घेतलं ते बघा हे फार महत्त्वाचं. आमच्या धंद्यातले काही जण गिऱ्हाइकाच्या दुकानाचं नाव स्वतःच्या खात्यात नोंदवून ठेवतात अन् मग भांडण झालं की सोडत नाहीत. मला याची चीड येते, कारण अशा लोकांमुळे आम्हाला निम्मे पैसे आगाऊ मागायची पण लाज वाटते.

फैजपूरची_ताई

रावेरकर दादा, बटण रात्रीच दाबलं, तुमचे उपकार. फोटो मी त्याला दुसऱ्याच दिवशी पाठवले होते, ४२ फोटो, सगळे वाचलेत असं निळं दिसतंय. नाव तर एकच आहे दोन्हीकडे. डोमेन त्याच्याच नावावर निघालं हो, भाच्यानं बघितलं.

आज अजून एक झालं. मी त्या साइटच्या फेसबुक पानावर खाली तक्रार लिहिली होती, तर तासाभरात एक फोन आला, हिंदीत, कस्टमर केअरमधून बोलतो म्हणे, रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करून पिन टाका. मी थांबले, म्हटलं आधी इथं विचारते.

रावेरकर

बरं झालं थांबलात! पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुमच्या खात्यातून गेले. तक्रारी कोण लिहितं यावर हे लोक डोळा ठेवून असतात. तो नंबर १९३० वर कळवा, इथं भुसावळच्या भाऊंचा सल्ला बरोबर लागू होतो. अन् फेसबुकची ती कॉमेंट काढून टाका, तक्रार फक्त साइटच्या आतल्या मदतीतून.

जळगाव_कोर्टरोड

मी वकिली करतो, ग्राहकांच्या केसेस जास्त. ताई, तुमचे पैसे दोन वाटांनी गेलेत, तर ते परतही दोन वाटांनीच मागावे लागतील, एकात एक मिसळू नका.

साइटवरचे ८,००० आधी. ऑर्डर मान्य न केल्यामुळे ते साइटकडेच अडकून असायला हवेत. रद्द करायचा अर्ज टाका, उत्तर नाही आलं तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते अन् महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तिथंही काही झालं नाही तर बँकेत जाऊन 'सेवा मिळालीच नाही' म्हणून कार्डाच्या व्यवहारावर चार्जबॅक टाका, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागा. ही मुदत बहुतेक १२० दिवसांची असते, बँकेत विचारून घ्या अन् रेंगाळू नका. पण साइटची तक्रार चालू असताना चार्जबॅक टाकू नका, साइटवरचं खातं बंद होऊ शकतं अन् वाद दोन्हीकडे लटकतो.

बाहेरून दिलेले १०,००० साइट परत देणार नाही, बाहेर पैसे देणं जवळपास सगळ्याच साइटच्या नियमांत बसत नाही. साइटनं विचारलं तर लपवू मात्र नका. यूपीआयवर तुम्ही स्वतः पाठवलेला पैसा बँक उलटा फिरवत नाही, त्यामुळे तो त्या माणसाकडूनच काढायचा. दोन्ही व्यवहारांचे १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहार क्रमांक, स्टेटमेंटवर मिळतील. त्याचा पत्ता आहे का तुमच्याकडे? बिल, पावती, कशावरही? असेल तर आधी एक शेवटचा मेसेज अन् ईमेल, अमुक तारखेपर्यंत संपूर्ण काम किंवा १०,००० परत, दोन्हीपैकी एक. तारीख आकड्यात लिहा, 'लवकरात लवकर' लिहू नका. त्यानंतर नोटीस. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून स्पीड पोस्टानं, पोचपावतीसकट.

तरी नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तो बंगळूरला असो की इंदूरला, केस आपल्या जळगावला. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर घरून दाखल होते, मुदत २ वर्षांची. १९१५ ला फोन केला तर राष्ट्रीय हेल्पलाइनवाले आधी आपसात मिटवायचा प्रयत्न करतात, तोही करून बघा.

अडचण एकच. समोरचा म्हणेल की ही सेवा धंद्यासाठी घेतली, म्हणून या बाई ग्राहकच नाहीत. आयोग मुख्य उद्देश काय होता ते बघतो. तुम्ही तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की स्वयंपाकघरात स्वतःच्या हातानं माल करते, घर त्यावर चालतं, किती बाया, किती किलो, सगळं खरंखरं. हरकत येईलच, पण उत्तर आधीच कागदावर असलेलं बरं.

अमळनेरकर

कोर्टरोड भाऊंनी सगळं सांगितलंच. ताई, पैसा घामाना शे, सोडू नका. माझ्या भावानं ३,५०० साठी असंच कंटाळून सोडलं होतं, अजून बोलून दाखवतो.

फैजपूरची_ताई

पाच आठवडे झाले, कळवायचं राहिलं, वेफर्सचा हंगाम चालू आहे, दिवसाला दोन-दोन घाणे जास्त काढतोय.

साइटनं ११ व्या दिवशी ऑर्डर रद्द केली. ८,००० आधी साइटच्याच वॉलेटमध्ये आले, मी मदतीत लिहिलं की मला पुढं काही घ्यायचं नाही, कार्डावर परत करा, मग सहा दिवसांनी बँकेत जमा झाले. मेसेज आला तेव्हा मी कढईपाशीच होते, हात तेलाचे, भाचीनं वाचून दाखवला.

१०,००० साठी तारीख दिली, ती गेली, मग नोटीस पाठवली. बिलावर पत्ता होता. चौथ्या दिवशी त्याचा फोन, आवाज एकदम मऊ, ताई कोर्टाचं कशाला, अन् ४,००० पाठवले. म्हणे लेबलचं काम केलंय त्याचे ६,००० कापले. ते लेबल दाखव म्हटलं तर तेच केळीचं चित्र परत पाठवलं! मी लिहून कळवलं की ४,००० मिळाले, हा पूर्ण हिशोब नाही, ६,००० बाकी आहेत. धुळ्याच्या दादांनी वेगळा मेसेज करून सांगितलं होतं की हे लिहिणं चुकवू नका, नाहीतर तो म्हणेल मिटलं.

डोमेन त्यानं सोडलं नाही. मी नावात 'घरचे' जोडून नवीन घेतलं, स्वतःच्या नावावर, पासवर्ड माझ्याच वहीत. सध्या पाकिटावर जुनंच लेबल लावतोय, फक्त फोन नंबर मोठा केलाय.

कोर्टरोड दादा, एक विचारायचं होतं. नोटिशीची पोचपावती आली त्यावर सही त्याची नाही, दुसऱ्याच कोणाची तरी आहे. चालेल का? बाकी कागद भाचा या रविवारी ई-जागृतीवर चढवतोय.

जळगाव_कोर्टरोड

चालेल. पत्ता बरोबर असेल अन् रीतसर पाठवली असेल तर पोचली असंच धरतात, घरातलं कोणी सही केली तरी. पावतीची दोन्ही बाजूंनी स्कॅन काढा, मागच्या बाजूचा शिक्का स्पष्ट यायला हवा. त्याचा ४,००० चा यूटीआर पण जोडा, त्यानं पैसे परत केले म्हणजे देणं कबूल केलं असं दाखवायला तो उपयोगी आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटसोबत नवीन साक्ष कायद्यातलं कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना तुम्हाला मेसेजमध्ये पाठवतो, त्याच्या पहिल्या भागावर सही तुमची, कारण फोन तुमचा, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची.