चिकन शिजेपर्यंत भाज्या करपतात, काय करावं?

नमस्कार मंडळी, मसालेदार चिकन आणि भाज्या काडीवर ओवून मी घरी ओव्हनमध्ये भाजते. चव छान उतरते, अडचण आहे ती वेळेची. एकाच काडीवर चिकन, सिमला मिरची आणि कांदा असला की चिकन आतपर्यंत शिजतं तोवर मिरची लिबलिबीत होते आणि कांद्याच्या कडा काळ्या पडतात. आधी काढावं तर चिकन कच्चं राहायची भीती, आणि तिथे तडजोड नाहीच. आतलं तापमान 74 अंश सेल्सिअस झाल्याशिवाय मी ते कुणालाही वाढत नाही.

मांडीचे बोनलेस तुकडे साधारण दीड इंचाचे घेते. पाणी काढलेलं दही, आलं-लसूण, तिखट, हळद, धने-जिरे पूड आणि थोडं तेल लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. लिंबू शेवटीच पिळते, कारण आंबटात फार वेळ राहिलं की मांस वरून भुसभुशीत होतं. भाज्यांचा मसाला आधीच वेगळा काढते. लाकडी काड्या अर्धा तास भिजवते, ओव्हन 220 अंशांवर.

भाज्यांच्या काड्या वेगळ्या करून उशिरा आत ठेवणं हा सोपा उपाय दिसतो. पण चिकनचा रस भाज्यांत उतरतो, तीच तर खरी चव! मग चिकनचे तुकडे लहान करू का? की भाज्या मोठ्या चिरू? तुम्ही तुकडे खेटून ओवता की मध्ये फट ठेवता? आणि कांद्याऐवजी मशरूम घातले तर त्यांचं पाणी सुटून चिकन भाजण्याऐवजी वाफवलं जाईल का?