आजी-आजोबांसोबतचे तास : तुमचे अनुभव लिहा

एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. कुणी झाडं लावतं, कुणी रक्तदान शिबिरात टेबल सांभाळतं. आमच्या गटाच्या वाट्याला वडाळ्याचा एक वृद्धाश्रम आला. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. 'आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण कोणता?' हा पहिलाच. आजी म्हणाल्या, "ते राहू दे, आधी हा मटार सोल."

मटार सोलताना निघाली ती १७ जुलै १९४७ची गटारी. त्यांचे मामा मुंबईत नोकरीला. सणाला गावी यायचं म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या रामदास बोटीत बसले. बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. वादळ, आकडे, चौकशी यातलं त्यांना काही सांगायचं नव्हतं. आईने मामाच्या वाटणीचे वडे झाकून ठेवले होते आणि ते टाकायचे कुणी, यावरून दोन दिवस घरात कुणी तोंड उघडलं नाही, एवढं मात्र लख्ख आठवत होतं.

तुम्ही कुठे जात होता, काय ऐकलंत? गोडगोडच पाहिजे असं नाही. कंटाळा आला असेल तर तोही लिहा.

वरळीहून

समाजकार्याच्या पदवीसाठी मला बीडीडी चाळी मिळाल्या होत्या. १६० चौरस फुटांची खोली, कॉटवर आजोबा, खाली मी. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. मी विचारलं, गिरणीत पहिला दिवस कसा होता? ते सुरू झाले थेट वडिलांपासून. वडील आयुष्यभर रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात राहिले, कारण साच्यावर त्यांना उभं करत नसत. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तुकडा; त्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. दलिताचं तोंड लागलेला धोटा पुढचा कामगार तोंडाला लावणार नाही, हे कारण. आणि साच्यावर पगार जास्त. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण वाचताना 'भेदभाव' एवढाच शब्द डोक्यात राहिला होता, सूत ओढणारं तोंड कुणाचं ते दिसलं नव्हतं.

आजोबा स्वतः साच्यावर लागले, तेव्हा वडील गेटपर्यंत सोडायला आले. "आत नाय आले. भोंगा होईपर्यंत उभे होते म्हणे." पुढे १८ जानेवारी १९८२ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर. त्याबद्दल आजोबा एकच वाक्य बोलायचे आणि हसायचे, "संप मागं घेतला असं आजवर मला कुणी सांगितलं नाय. म्हंजे मी अजून संपावरच."

गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी त्यांनीही अर्ज केला होता. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज होते, त्यातला त्यांचा एक. २०१२च्या सोडतीत नाव नव्हतं. त्या विषयावर मात्र ते हसत नसत.

मुलुंडहून, थोडक्यात

खरं सांगू? कंटाळा. आमच्या आजोबांकडे एकच गोष्ट होती. ३१ मार्च १९६४, मुंबईची शेवटची ट्राम, बोरीबंदर ते दादर. गंमत एवढीच, की दर आठवड्याला आजोबा ट्रामच्या जवळ सरकत. आधी फुटपाथवर होते, मग फुटबोर्डवर आले, परीक्षेच्या सुमारास ड्रायव्हरच्या शेजारी उभे होते. मी प्रकल्प संपवला नसता तर त्यांनीच ती दादरला पोचवली असती.

लालबागहून

नोव्हेंबरात हयातीचे दाखले काढून द्यायला आम्ही बसायचो. एक आजी आल्या. नवरा गिरणीतला, त्याच्या मागे मिळणारं किमान पेन्शन, महिन्याला हजार रुपये. (हो, हजारच. २०१४पासून तेवढंच आहे.) मशीन अंगठा घेईना. पुसला, क्रीम लावलं, दुसरं बोट लावलं, तरी नाही. आजी शांतपणे म्हणाल्या, "अंगठो भाकऱ्यो थापूनच झिजलो गो बाय."

शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं, पण त्यांना उठायची घाई नव्हती. खानावळ चालवायच्या. गाळ्यात, म्हणजे एकाच खोलीत मिळून राहणारे गावाकडचे गडी दोन वेळा जेवायला. आधी सावकाराचे पैसे, मग प्रेमा पुरवांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा बँकेचं कर्ज. हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी. संपात गडी गावाला गेले आणि रेघा भिंतीवर राहिल्या. काहींनी पुढे गावाहून तांदूळ पाठवले, काहींची तोंडं पुन्हा दिसली नाहीत. त्या सगळ्यांची नावं, गावं आणि बाकी आजींनी तिथेच म्हणून दाखवली, चाळीस वर्षांनंतर. मागे रांग खोळंबली होती, पण एकानेही घाई केली नाही. दोघे-तिघे तर मधेच "हां, तो आमच्या गावचा" म्हणत होते.

चेंबूरहून

एक वेगळी गोष्ट. मी ज्या काकूंकडे जायचे त्यांनी एक दिवस फोनचं रेकॉर्डिंग बंद करायला लावलं आणि मग बोलल्या. घर मुलाच्या नावावर करून दिलं होतं आणि आता स्वयंपाकघरात जायला परवानगी लागत होती. हे मी प्रकल्पात लिहिलं नाही, लिहू नयेच. पण ऐकून घरी येऊन झोपणंही जमेना. ज्येष्ठांसाठीच्या २००७च्या कायद्यात सोय आहे : सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं असेल आणि सांभाळ होत नसेल, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अट कागदावर नसेल तर मात्र अवघड होऊन बसतं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, फोनला पैसे पडत नाहीत. काकूंना नंबर लिहून दिला. त्यांनी तो देवाच्या फोटोमागे ठेवला. लावला की नाही ते मी विचारलेलं नाही. तुम्ही जाणार असाल तर हा नंबर जवळ असू द्या.

बोरिवलीहून, वय ८१

सगळ्यांचं वाचलं. आता आमचीही बाजू ऐका. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दरवर्षी मुलं येतात. बरी असतात. पण कानाशी येऊन ओरडतात. मला ऐकू येतं. दुसरं, सगळ्यांना फाळणी नाही तर संयुक्त महाराष्ट्र हवा असतो. १९५५च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा मी गिरगावात गोट्या खेळत होतो, त्याला माझा इलाज नाही. पण चाळीस वर्षं पश्चिम रेल्वेत सिग्नल सांभाळले, १९७४च्या संपात नोकरी जायची वेळ आली होती, त्याबद्दल अजून एकानेही विचारलेलं नाही.

मुलुंडच्या मुलाला एक सांगतो. आम्ही तीच गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती संपल्यावर समोरचा 'वा!' म्हणतो आणि घड्याळ बघतो. "मग त्या रात्री दादरहून घरी कसे गेलात?" असं विचारलं असतंस तर ट्राम तिथेच सुटली असती.

बुधवारी संध्याकाळी पाचला आमच्याकडे कॅरम असतो. आमच्यातला एक मुलीकडे पुण्याला गेलाय, चौथा भिडू पाहिजे. खेळता येत नसेल तरी चालेल, शिकवू.