वाड्याच्या भिंतीत खाली नव्या विटा, वर जुन्या. असं कसं?

पेठकर: पुण्यात शनिवार पेठेत आमचा पणजोबांपासूनचा दुमजली वाडा आहे. चौकाकडच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा फुगला म्हणून खरवडला, तर आत भलतंच. जोत्याच्या घडीव दगडावर सहा-सात फूट भाजक्या लाल विटा, आणि त्यावर माडीची भिंत मात्र भेंड्यांची. कच्च्या विटा, मातीतच लावलेल्या, मधूनमधून भुसकट दिसतंय. नवं बांधकाम जुन्यावर चढतं. इथे जुनंच नव्याच्या डोक्यावर! एक वीट हातात सुटून आली: नऊ बाय साडेचार बाय तीन इंच, पोटात खळगा, त्यात दोन इंग्रजी अक्षरं.

गिलावा: त्यात नवल काय? पावसाचं पाणी उडतं तिथे पक्कं, वर कच्चं, अशी रीतच होती. शनिवारवाड्याचा तट बघा, खाली दगड, वर वीट.

तळखडा: रीत खरी, पण पेशवाईतली भाजकी वीट चपटी, पातळ असते. खळग्याची नऊ इंची वीट इंग्रजी अमदानीत आली आणि पुढे बराच काळ चालली. माझा संशय १२ जुलै १९६१ वर आहे. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पाणी पेठांत शिरलं आणि भेंड्यांच्या भिंती गुळासारख्या विरघळल्या. तरी माडी उभी राहू शकते, कारण चौकाकडे ओझं भिंतीवर नसतंच. तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे माडीची लाकडी जमीन. भिंत नुसती मधे भरलेली. (बाहेरच्या जाड भिंतींचं गणित निराळं.) खालची भिंत वाहून गेली तरी वरची तुळईवर बसून राहते. एक बघा: नवी वीट नेमकी तुळईच्या पोटाशी थांबते का? आणि सांध्यात काय आहे, माती, चुना की सिमेंट?

पेठकर: बॅटरी घेऊन स्टुलावर चढलो. थांबते! शेवटचा थर तासलेल्या अर्ध्यामुर्ध्या विटांचा, तुळईखालच्या फटीत लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या. सांध्यात सिमेंट.

गिलावा: हरलो बुवा. पण आता पुन्हा सिमेंट थापू नका. ओल आत कोंडते, भेंडा भुसभुशीत होतो आणि गिलाव्याचा पापुद्रा सुटतो. तुमचं तेच झालंय. चुना-वाळूचाच करा, चुना नीट मुरवून. आमच्याकडे ठेकेदाराने "चुना आता कोण वापरतं" म्हणत सिमेंट मारलं, दोन पावसाळ्यांत पोपडे.

पेठकर: चुन्याचं काम करणारा गवंडी शोधतोय, कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि एवढा खल झाल्यावर काल आजीला (वय ८४) सहज विचारलं. म्हणाली, "मला आधी विचारायचंस की. त्या विटा मी पाटीतून वाहिल्यात. भिंत होईपर्यंत आम्ही सगळे माडीवर, खाली नुसते खांब. रात्री कुत्री या अंगाने शिरायची नि त्या अंगाने जायची."