राहायचं विंडसरला, नोकरी डेट्रॉइटला: कुणी रोज ये-जा करतंय का?

बाणेरचा_बंड्या

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आम्ही टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो, मी, बायको आणि साडेतीन वर्षांची लेक. मागच्या वर्षी कॅनडाचं नागरिकत्व झालं, एक निळा पासपोर्ट देऊन दुसरा निळा पासपोर्ट घेतला, आईला फोटो पाठवला तर म्हणाली बदललं काय नक्की. तर बदललं ते एवढंच की आता टीएनवर (कॅनडाच्या नागरिकांना ठरावीक नोकऱ्यांसाठी मिळणारा अमेरिकेचा परवाना) अमेरिकेत काम करता येतं, आणि डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नजवळच्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीची ऑफर आलीये. मी मेकॅनिकलवाला. पगार इथल्यापेक्षा बराच बरा आणि तोही अमेरिकन डॉलरात.

अडचण अशी की बायको फार्मसिस्ट आहे. डिग्री भारतातली, त्यामुळे ऑन्टारियोचं लायसन्स मिळवायला तिने तीन वर्षं परीक्षा दिल्यात, लेकीला मांडीवर घेऊन अभ्यास केलाय. सगळेच मिशिगनला गेलो तर तिला टीडी (टीएनवाल्याच्या जोडीदाराचा परवाना) मिळणार आणि टीडीवर नोकरी करता येत नाही. घरी बस म्हणून तिला सांगायची माझी हिंमत नाही, आणि सांगूही नये असं मला वाटतं. म्हणून डोक्यात असं आलंय की डेट्रॉइटसमोर, नदीच्या कॅनडाकडच्या काठावर विंडसरला घर घ्यायचं, तिने तिकडेच नोकरी बघायची आणि मी रोज नदी ओलांडायची. गुगल मॅप पंचवीस मिनिटं दाखवतो. मॅप खरं बोलतोय का? टॅक्स दोन्हीकडे भरायचा का? आणि कुणाला नंतर पस्तावा झाला असेल तर तेही सांगा, गोड गोड नको.

नदीपार

बंड्याभाऊ, नऊ वर्षं हेच करतोय त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे.

मॅप खोटं बोलत नाही पण अर्धंच सांगतो. ज्या दिवशी बॉर्डरच्या तपासणी बूथवर चार गाड्या असतात त्या दिवशी पंचवीस मिनिटंच लागतात, अगदी वीसही लागतात. पण तुम्हाला तो दिवस धरून चालत नाही. नव्या गॉर्डी हाऊ पुलाचं मी धरत नाही, मी आजवर जुन्या दोन वाटांनीच गेलोय, एक ॲम्बॅसडर पूल आणि दुसरा नदीखालचा बोगदा. पूल १९२९ चा, बोगदा १९३० चा, म्हणजे दोघांचीही पणजोबांची वयं. पुलावर ट्रक, कारण दोन्ही देशांमधल्या व्यापाराचा साधारण चौथा हिस्सा या एका पुलावरून जातो म्हणतात. बोगद्यात मोठे ट्रक नाहीत पण तो थेट डेट्रॉइटच्या डाउनटाउनमधे निघतो, त्यामुळे संध्याकाळी मॅच असली की परतताना बसा माना मोडत. डिअरबॉर्नला पूल बरा पडेल, पलीकडे उतरलात की लगेच हायवे आहे. (आणि हो, विंडसर डेट्रॉइटच्या दक्षिणेला आहे. अमेरिकेत जायला आम्ही उत्तरेला जातो. सासऱ्यांना हे नकाशा काढून दाखवलं तरी पटलं नव्हतं.)

नेक्सस कार्ड (आधीच तपासणी झालेल्यांना बॉर्डरवर वेगळी झटपट लेन देणारं) काढा, आजच अर्ज टाका, महिने लागतात. पण एक लक्षात ठेवा, नेक्ससच्या लेनमधून जायचं तर गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड पाहिजे, साडेतीन वर्षांच्या लेकीकडेसुद्धा. आणि नेक्ससवाल्याला माफी नसते. माझं कार्ड गेलं ते एका संत्र्यामुळे. बायकोने डब्याबरोबर पिशवीत टाकलं होतं, मला पत्ता नाही, बॉर्डरवरच्या साहेबाने विचारलं काही खायचं आहे का, मी सवयीने नाही म्हणालो. रोज नाहीच म्हणत होतो ना. चूक माझीच, पिशवी बघायला हवी होती. दीड वर्ष साध्या लाइनीत उभा होतो त्या संत्र्यापायी, अजून घरात संत्रं दिसलं की सगळे माझ्याकडे बघतात.

बाकी रोजच्या जगण्यात एक-दोन गोष्टी. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला खरेदीवर ड्युटीची सूट शून्य आहे, ती चोवीस तास बाहेर राहिल्यावर सुरू होते, त्यामुळे मिशिगनमधल्या कँटनच्या देशी दुकानातून रोज येता-येता सामान आणू हे विसरा. आणि कंपनी गाडी देत असेल तर मिशिगनच्या नंबरप्लेटची गाडी नीट चौकशी केल्याशिवाय घरी आणू नका, कॅनडात राहणाऱ्याला परदेशी नंबरची गाडी अशी आत आणता येत नाही. स्वतःच्या गाडीच्या इन्शुरन्सवाल्यालाही सांगा की मी रोज कामाला पलीकडे जातो.

पण तुम्ही टॅक्स विचारलाय आणि जे विचारायचं ते विचारलंच नाही. संध्याकाळी साडेपाचला डेकेअरमधून लेकीला कोण आणणार? फार्मसीत संध्याकाळच्या शिफ्ट असतात. तुम्ही पुलावर अडकलात तर गाडी सोडून चालत येता येत नाही हो. आमच्या घरी नियम आहे, मुलांना आणायचं काम नदीच्या अलीकडे जो असेल त्याचं, पलीकडचा माणूस हिशोबात धरायचाच नाही. तो वेळेवर आला तर बोनस.

रात्रपाळी

मी नर्स आहे, डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलमधे, टीएनवरच, विंडसरहून बोगद्यातून जाते. आमच्यासारख्या शेकड्यांनी नर्सेस जातात. माझं बरं आहे कारण बारा बारा तासांच्या तीन शिफ्ट केल्या की आठवडा संपला, रोज रोज पूल नाही. तुम्ही पाच दिवस जाणार, तो फरक मोठा आहे, कंपनीशी आधीच बोला किती दिवस ऑफिसला यावं लागेल.

नदीपार म्हणतात ते डेकेअरचं शंभर टक्के खरं. त्यात अजून एक भर घाला, सुट्ट्या. इथे व्हिक्टोरिया डेला शाळा बंद, तिकडे ऑफिस चालू. १ जुलैला इथे सुट्टी, तिकडे ४ ला. थँक्सगिव्हिंग इथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी आणि तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे तुम्हाला सुट्टी असते तेव्हा घरात कुणी नसतं. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार मात्र दोन्हीकडे मिळतो (तोही ऑफिस देत असेल तर), तो आमच्याकडे दिवाळीसारखा असतो.

आणि बॉर्डर बंद होऊ शकते हे मनात धरा. मार्च २०२० मधे २१ तारखेपासून अत्यावश्यक नसलेली ये-जा बंद झाली. मी जाऊ शकत होते कारण कामाचं काम होतं, पण बोगद्यात माझी एकटीची गाडी, इतकं रिकामं मी कधीच बघितलं नव्हतं. परत आल्यावर आमच्या बिल्डिंगमधे लिफ्टमधे कुणी माझ्याबरोबर चढायचं नाही. राग नाही आला, मीपण तेच केलं असतं. पण मैत्रिणीचा नवरा तिकडे राहत होता आणि ही इकडे, ते बरेच दिवस नदीकाठी उभे राहून फोनवर बोलायचे, एकमेकांना हात करायचे. नदी एवढीशीच आहे. पलीकडची गाडी कुठल्या रंगाची ते दिसतं.

ओहिपची (ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा) काळजी करू नका, कुठल्याही बारा महिन्यांत १५३ दिवस ऑन्टारियोत असलात आणि घर इथेच असलं की चालतं, तुम्ही तर रोजच झोपायला इथे. पण पलीकडे हायवेवर काही झालं तर ओहिप फार थोडं देतं, त्यामुळे कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स घ्याच, पैसे वाचवायला नाही म्हणू नका.

हिशोबनीस

टॅक्सचं मी सांगतो, मी सीए नाही, स्वतःचं आठ वर्षं भरतोय एवढंच.

अमेरिका आधी कापते. फेडरल, मिशिगनचा ४.२५ टक्के, आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के. काम डेट्रॉइट शहराच्या हद्दीत असेल तर शहराचा वेगळा टॅक्स, बाहेरून येणाऱ्याला १.२ टक्के, डिअरबॉर्नला तो नाही, एवढं तुमचं नशीब चांगलं. तिकडे फॉर्म १०४०-एनआर (तिथे न राहणाऱ्यांचं रिटर्न) भरायचा. लोक घाबरतात की वर्षात १८३ दिवस झाले म्हणजे मी तिकडचा रहिवासी झालो, तसं नाही, कॅनडातून नियमित ये-जा करणाऱ्याचे कामाचे दिवस त्या मोजणीत धरत नाहीत.

मग तोच सगळा पगार कॅनडाच्या रिटर्नमधे दाखवायचा आणि तिकडे भरलेल्याचं क्रेडिट घ्यायचं, सोशल सिक्युरिटीचंही मिळतं. म्हणजे दोनदा टॅक्स नाही, पण एकूण भार शेवटी कॅनडाच्या दराने पडतो. मधला फरक एप्रिलमधे एकदम भरावा लागतो आणि इथेच नवीन माणूस मरतो. पहिल्या वर्षी हातात पैसे खूप आल्यासारखे वाटतात, लोक किचन करून घेतात, आणि एप्रिलमधे सीआरएचा (कॅनडाचं टॅक्स खातं) आकडा बघून जमिनीवर येतात. त्यानंतर सीआरए हप्ते मागायला लागतं, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, प्रत्येकाची १५ तारीख. पहिल्या पगारापासून वेगळं खातं उघडा आणि त्याला हात लावू नका.

४०१केमधे (अमेरिकेतली निवृत्तीसाठीची बचत योजना) पैसे टाकलेत तर ये-जा करणाऱ्यांसाठी आरसी२६८ नावाचा फॉर्म आहे, त्याने इथे वजावट मिळते. पुष्कळ लोकांना माहीतच नसतो. आणि घरून काम केलेला प्रत्येक दिवस डायरीत लिहा, कारण त्या दिवसाचं काम कॅनडात झालं, ते उत्पन्न अमेरिकेतलं धरत नाहीत, पगारपत्रकवाल्यांना हे समजावताना तोंडाला फेस येतो.

ट्रॉयकर

पस्तावा विचारलात म्हणून लिहितो. मी चार वर्षं ये-जा केली, मग सगळं गुंडाळून अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहायला आलो.

ऑबर्न हिल्सला ऑफिस, एका बाजूने पन्नासेक किलोमीटर, वर पूल. एका दुपारी शाळेतून फोन की मुलाला ताप आहे, बायको तेव्हा टोरांटोला गेलेली. मी दोनला निघालो आणि बोगद्याच्या लाइनीत बसलो. फोन मधेच इकडचा टॉवर पकडतो मधेच तिकडचा, शाळेला कळवताही येईना. पोचलो तेव्हा पोरगं ऑफिसातल्या बाकावर जॅकेट घालून झोपलं होतं. वेळ काही फार झाला नव्हता, दीड तास. पण ते बाक डोक्यातून जाईना.

मग इकडे आलो. शाळा चांगली, दहा मिनिटांवर मंदिर, डेट्रॉइटच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती, मला सगळं मिळालं. बायको अकाउंटंट होती, ती टीडीवर सहा वर्षं घरी आहे. मला वाटलं होतं ग्रीन कार्ड होईल मग ती काम करेल. कॅनडाचा पासपोर्ट असला तरी त्या रांगेत देश जन्माचा बघतात, आणि दोघांचाही जन्म सोलापूरचा. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. बंड्या, तीन वर्षं परीक्षा दिलेली बायको आहे तुझी. पुलावरचा वैताग संध्याकाळी घरी आल्यावर उतरतो.

नदीपार

ट्रॉयकर, तुमचं पटलं, पण दर संध्याकाळी उतरतो असंही नाही हो. घरच्यांना विचारा. फेब्रुवारी २०२२ मधे निदर्शकांनी पूल जवळजवळ आठवडाभर अडवला होता, तेव्हा मी सार्नियाच्या पुलावरून लांबचा वळसा मारून आलो दोन दिवस, त्या आठवड्यात घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

नवीन_पाखरू

मधेच विचारतो, माझा भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचा पीआर (कायम रहिवासाचा परवाना) आहे, मला जमेल का असं?

हिशोबनीस

नाही. टीएनला नागरिकत्वच लागतं, पीआरवर मिळत नाही. तुमच्यासाठी एच-वन-बी किंवा तसलंच काही, तो वेगळा धागा काढा. आणि बंड्या, तुम्हीही गाफील राहू नका, टीएन ठरावीक व्यवसायांच्या यादीतूनच मिळतो. यादीत इंजिनियर आहे, मॅनेजर नाही. ऑफर लेटरवर काय पद लिहिलंय ते बघा. भारतातली डिग्री आहे तर तिचं मूल्यांकन करून घेतलेलं बरोबर ठेवा. अर्ज बॉर्डरवरच करता येतो, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात.

बाणेरचा_बंड्या

सगळ्यांचे मनापासून आभार. लेटर उघडून बघितलं तर पद 'प्रोग्रॅम मॅनेजर' लिहिलंय. आजच एचआरला मेल टाकतो.

हा धागा बायकोला वाचायला दिला. ती म्हणाली टॅक्सचं तुझं तू बघ, मला आधी संध्याकाळची शिफ्ट नसलेली फार्मसी शोधू दे, ती मिळाली तर घर बघू, नाही मिळाली तर ऑफर सोड. मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात आठवडाभर विंडसरला भाड्याने राहून सकाळ-संध्याकाळ पूल ओलांडून बघणार आहोत, घड्याळ लावून. म्हणजे ओलांडणार मी, घड्याळ लावणार ती. शेवटचा प्रश्न, डब्यात लोणचं नेलेलं चालतं का?

रात्रपाळी

मला लोणच्यावरून अजून कुणी अडवलं नाही. पण विचारलं की सांगायचं, आहे म्हणून, काय आहे म्हणून. वरणावर पिळायला ताजं लिंबू मात्र ठेवू नका. नदीपारांचं संत्रं आठवा.